न वाजणारा वाळा

पुण्याहून आलेल्या डॉक्टर बाईंनी पाळणाघराच्या दारात चपला काढल्या आणि त्या तशाच थबकल्या. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

"सगळी झोपलीत वाटतं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही हो, टक्क जागी आहेत. या ना आत," स्वरूपा चौगुले म्हणाली. आवाजातला अभिमान काही तिला लपवता आला नाही.

मिरजेत मोठ्या इस्पितळांच्या मागच्या गल्लीत स्वरूपाचं 'अंगतपंगत' पाळणाघर होतं. नर्सबाई, वॉर्डातल्या मावश्या, औषधांच्या दुकानांत राबणारी माणसं, अशांची वीस-पंचवीस पोरं दिवसभर तिथे असायची. एरवी अशा जागी एकानं भोकाड पसरलं की दुसरं सूर धरतं आणि तिसरं उगाच साथीला बसतं. इथे मात्र पोरं सतरंजीवर निवांत होती. कुणी लाकडी ठोकळे हाताळत होतं, कुणी पंख्याकडे बघत होतं. प्रत्येकाच्या डाव्या पायात फिकट राखाडी रंगाचं मऊ कापडी कडं होतं.

खिडकीशी बसलेल्या प्रणालीच्या मनगटपट्टीवर निळा ठिपका उमटला. प्रणाली पाळणाघरातली सगळ्यात तरुण ताई. ती उठली, बाटलीतलं दूध कोमट केलं आणि कोपऱ्यातल्या आठ महिन्यांच्या बाळाजवळ गेली. बाळ आपल्या पायाच्या अंगठ्यावर खूश होतं. बाटली ओठाला लागली तशी मात्र ते घटाघटा प्यायला लागलं.

"याला भूक लागली होती?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"लागली होती. फक्त त्याला अजून कळलं नव्हतं," मागून मैथिली म्हणाली, आणि सगळे हसले.

मैथिली म्हणजे स्वरूपाची नणंद. ते कडं तिनं बनवलं होतं. बाळांच्या पायात चांदीचे वाळे घालतात, म्हणून तिनं त्याचं नावही 'वाळा' ठेवलं होतं. हा वाळा वाजत मात्र नसे.

"बाळ रडतं ते सगळ्यात शेवटी," मैथिली पाहुण्यांना सांगायला लागली. "भूक लागली की आधी पोटाची हालचाल बदलते. मग नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित आक्रसतं, श्वास उथळ होतो, तळव्याची ऊब केसभर उतरते. झोप आली की हेच सगळं वेगळ्या चालीनं होतं, पोटात दुखलं की आणखी वेगळ्या. आपल्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून बाळ वाट बघून बघून शेवटी भोंगा लावतं. आम्ही हजारो बाळांच्या नाड्या, श्वास आणि पोटातले आवाज एका यंत्राला शिकवले. कुठल्या रडण्याआधी अंगात काय काय झालं, आणि मग काय केल्यावर बाळ शांत झालं, हे त्यानं जुळवलं. आता नवं बाळ आलं की आठवडाभरात वाळा त्याची चाल ओळखतो. निळा ठिपका म्हणजे दूध, हिरवा म्हणजे झोप, पिवळा म्हणजे लंगोट, केशरी म्हणजे नुसतं कडेवर घ्या."

"आणि लाल?"

स्वरूपानंच सांगितलं. उन्हाळ्यात सारा नावाच्या बाळाचा लाल ठिपका पेटला तेव्हा ती चांगली खेळत होती. तरी स्वरूपानं तिला उचलून जवळच्या इस्पितळात पळवलं. आतड्यात आतडं अडकलं होतं. वेळेत आणलंत म्हणून वाचली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता सारा सतरंजीवर बसून दोरीतले मणी चोखत होती.

डॉक्टर बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "दिवाळीनंतर सरकारची पूर्ण समिती घेऊन येते. आम्हाला पटलं, तर जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी पाळणाघरांत वाळा जाईल."

गाडी वळणाआड गेली आणि मैथिलीनं स्वरूपाच्या गळ्यात हात टाकले. "वहिनी, जमलं बघ!"

"जमणारच की वन्सं," स्वरूपा म्हणाली. ही जुनी हाक ती फक्त थट्टेत वापरायची.

मैथिलीनं आपल्या मुलाला उचललं. शार्दूल दीड वर्षाचा, घरात सगळे त्याला शाडू म्हणत. गोरागोमटा, गुबगुबीत, शांत. जन्मल्यावर तो पहिले तीन महिने दिवसरात्र रडला होता. का रडतोय ते कुणालाच कळेना. मैथिली त्याला मांडीवर घेऊन स्वतःही रडत बसायची. त्या तीन महिन्यांत वाळ्याची कल्पना तिच्या डोक्यात आली आणि शाडूच्याच पायात पहिला वाळा पडला. त्यानंतर तो रडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

*

पुढच्या सोमवारी मेहक आली.

तिचे वडील इरफान शिकलगार मिरज-सांगली वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन पॅसेंजर भरणारी, रिक्षा चालवायचे. मेहकच्या कातडीला आवळून बांधलेलं कसलंही कापड सोसायचं नाही, लगेच पुरळ उठायचं. वाळा घातला तसा अर्ध्या तासात पाय लालबुंद झाला.

"राहू दे ताई," इरफान म्हणाले. "हिला काय यंत्राची गरज न्हाई. ही स्वतःच भोंगा हाय. काय पाहिजे ते गल्लीला कळतंय."

त्यात काही खोटं नव्हतं. मेहक शाडूएवढीच, पण सतरंजीवर पाय टेकताच तिनं खोली ताब्यात घेतली. खेळण्यांचा रिकामा खोका ओढला, त्यात बसली आणि खोक्यावर थापा मारत ओरडली, "आंग्ली! आंग्ली आंग्ली आंग्ली!"

प्रणाली हसून हसून लोळली. "ताई, सांगली! बापाचं ऐकून पॅसेंजर बोलावतेय!"

बाकीची पोरं मात्र हसली नाहीत. सर्कशीतला हत्ती गल्लीत यावा तशी ती मेहककडे बघत राहिली.

जेवणाच्या वेळी स्वरूपा केळी सोलत होती. मेहकनं बोट रोखलं. "ए!" तिनं केळ्याकडे बघितलं, मग स्वरूपाकडे, मग पुन्हा केळ्याकडे. "ए! ए!"

स्वरूपानं तिला केळं दिलं आणि तिचा हात तिथेच थांबला. हे बोट तिनं शेवटचं कधी पाहिलं होतं?

बालशिक्षण शिकताना तिनं या बोटावर वर्गात निबंध वाचला होता. बाळानं बोट दाखवणं दिसायला साधं असतं. पण माझ्या मनात आहे ते तुझ्या मनात नाही, आणि मी ते तिथे पोचवू शकतो, हे उमगल्याशिवाय ते बोट उठत नाही. शब्द त्या बोटाच्या मागून येतात. दहा महिन्यांचं मूल बोट दाखवायला लागतं. तिच्यासमोर तर वर्षा-दीड वर्षाची डझनभर पोरं रांगेत बसली होती.

तिनं लाल चेंडू घेतला, शाडूच्या पुढ्यात धरला आणि दिला नाही. त्याला चेंडू आवडायचा, हे तिला ठाऊक होतं. शाडूनं चेंडूकडे पाहिलं. हात पुढे केला नाही, कुरकुरला नाही. मग त्यानं मान वळवली आणि तो प्रणालीच्या मनगटाकडे बघायला लागला.

स्वरूपानं सारापुढे चेंडू धरला. सारानंही चेंडू पाहिला, आणि मनगट.

स्वरूपानं चेंडू खाली ठेवला. पोरं माणसांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. काही हवं असलं की मनगटावर ठिपका उगवतो आणि मग वस्तू येते, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांच्या लेखी मोठी माणसं म्हणजे ठिपक्यांना जोडलेले हात.

*

मैथिलीला हे सांगायचं कसं, या विचारात स्वरूपाचा आठवडा गेला. नवऱ्यानं, म्हणजे धनंजयनं आधीच अंग काढून घेतलं होतं. "तुमच्या दोघींच्या मधे मी पडणार नाही. मी मटण करतो, रविवारी बोलाव तिला. पोट भरलेलं असलं की माणूस कमी भांडतं."

रविवारी जेवणं झाल्यावर शाडू फरशीवर गाड्या खेळत होता. स्वरूपा म्हणाली, "मैथिली, मनगटावरची पट्टी काढ जरा. दुपारपुरती."

"का?"

"काढ की. मी सांगते."

मैथिलीनं हसत पट्टी काढून फ्रिजवर ठेवली. थोड्या वेळानं शाडू खेळायचा थांबला. टेबलावर त्याची पाण्याची बाटली होती. तिच्याकडे त्यानं पाहिलं. मग तो आईजवळ आला, तिचा हात धरला आणि मनगट वर केलं. तिथे काही नव्हतं. त्यानं मनगट उलटं करून खालून पाहिलं. मग दुसरा हात ओढला, तोही तपासला.

आईच्या तोंडाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. दोन्ही मनगटं रिकामी निघाल्यावर तो खाली बसला आणि बसूनच राहिला. ओठ कोरडे पडले होते, पण तो रडला नाही.

मैथिलीचं हसू कधीच विरलं होतं. तिनं बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो अधाशासारखा प्यायला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मलाही मेहक आल्यावरच कळलं गं. त्याला ठाऊकच नाही, की मागावं लागतं. कधी मागायची पाळीच आली नाही त्याच्यावर."

"म्हणजे मी माझ्या पोराला मुकं केलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही मैथिली. तहान लागणं आणि पाणी मिळणं, यात बाळाला थोडी फट हवी असते. त्या फटीत ते आवाज काढून बघतं, हात हलवून बघतं, आपल्या तोंडाकडे बघतं. आपण चुकतो, भलतंच देतो, ते चिडतं आणि आणखी नीट सांगायला बघतं. ती फटच आपण बुजवली."

"तुला माहितेय ते तीन महिने कसे होते ते?" मैथिलीचा आवाज चिरकला. "तू यायचीस, तासभर थांबायचीस आणि घरी जायचीस. मी त्या रडण्यात राहत होते. आणि आता तू सांगतेस, की रडू दे त्याला?"

"रडू दे नाही. सांगू दे."

मैथिलीनं शाडूला उचललं, फ्रिजवरची पट्टी घेतली आणि चपला पायात सरकवत निघून गेली. स्वयंपाकघरातून धनंजय डोकावला. "पोट भरलं होतं तरी?" तो म्हणाला, आणि बायकोचा चेहरा बघून परत भांड्यांकडे वळला.

*

आठ-दहा दिवस मैथिली फोनवर बोलली नाही. शाडूला सोडायला आणि न्यायला शेजारीण यायची. स्वरूपानं या दिवसांत प्रणालीला सगळं समजावलं. प्रणालीला ते पटलं, पण तिचा चेहरा उतरला. "ताई, वाळा यायच्या आधी मी घरी गेले की डोकं बांधून झोपायची. आता कुठं संध्याकाळी आईशी दोन शब्द बोलते."

स्वरूपालाही ती शांतता आवडत होतीच की.

मग एका संध्याकाळी, पोरं न्यायची वेळ उलटून गेल्यावर, मैथिली स्वतः आली आणि पायरीवर बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण डोळे लकाकत होते.

"वहिनी, मी रागानं तुला खोटं ठरवायला बसले होते," ती म्हणाली. "आवाज टिपायला मी पाळणाघराच्या छतावर कान बसवलेत, आठवतात ना? ते फक्त रडणं टिपतात. बाकी आवाज यंत्र गोंगाट समजून टाकून देतं. बडबड, हुंकार, किंचाळणं, सगळं. मीच तसं लिहिलं होतं. पोरं जे बोलायला बघत होती, तो माझ्या यंत्राच्या लेखी कचरा होता. वाळा काढून टाकावा असं वाटलं. मग सारा आठवली."

"वाळा काढायचा नाहीच," स्वरूपा म्हणाली.

"नाही काढत. पण त्याला मी थांबायला शिकवतेय. ताप, श्वास, पोटातलं दुखणं, असं काही असेल तर आधीसारखंच लगेच सांगेल. एरवी त्याला सगळं कळलं तरी गप्प बसेल. बाळानं काहीतरी केलं, आवाज केला, हातपाय झाडले, सरकायला बघितलं, तरच ताईला खूण करेल. आणि ठिपका नाही. पट्टीच्या आतून हलकी टिचकी, पोरांना दिसणार नाही अशी."

"आणि ताईला काय सांगेल? दूध की झोप?"

"काहीच नाही." मैथिली पहिल्यांदा हसली. "फक्त एवढंच, की हे पोर तुझ्याशी बोलतंय. काय बोलतंय ते तुझं तू ओळख."

स्वरूपा तिच्या शेजारी पायरीवर टेकली.

"समितीचं काय?" स्वरूपानं विचारलं.

"येऊ दे की. बघू."

*

नवे वाळे पायात पडले आणि 'अंगतपंगत'मध्ये आभाळ कोसळलं.

पहिल्याच सकाळी, पायाच्या अंगठ्यावर खूश असणाऱ्या त्या बाळानं दुधाला जरा उशीर झाला म्हणून असा टाहो फोडला, की समोरचा इस्त्रीवाला धावत आला. त्याचं बघून बाकीच्यांना कंठ फुटला. कशासाठी रडायचं हे काहींना उमजत नव्हतं, पण रडता येतं याचंच त्यांना अप्रूप वाटत असावं. प्रणाली एकाला दूध द्यायची तर त्याला झोप हवी असायची, दुसऱ्याला थोपटायची तर तो बाटली मागत असायचा. "ताई, मी सगळं विसरले!" ती रडकुंडीला आली. "मला काहीच ओळखू येईना!"

तेव्हा स्वरूपाच्या ध्यानात आलं, की विसर फक्त पोरांनाच पडला नव्हता. ती खाली बसली, चिडलेल्या बाळाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, "काय रे? काय म्हणतोस? भूक? नाही? मग कडेवर?" बाळानं रडता रडता तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि क्षणभर रडायचं विसरलं. इतक्या जवळून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पालक चिडले. एका आईनं सुनावलं, "आम्ही शांत पाळणाघर म्हणून घातलं होतं, मासळीबाजारात नाही." तिनं मुलाला नेलं ते परत आणलं नाही. स्वरूपाला ते लागलं. बाकीच्यांना तिनं आत बोलावलं. मनगटाकडे बघणारी पोरं आता तोंडाकडे कशी बघायला लागली आहेत, ते त्यांनाच पाहू दिलं. बहुतेकांनी पाहिलं आणि पोरं इथेच ठेवली. नर्स असलेली साराची आई तर म्हणाली, "काल घरी हिनं पहिल्यांदा माझ्या ताटातली पोळी ओढली. मी सासूबाईंना हाक मारून दाखवली."

खरी मदत मात्र मेहकनं केली. सकाळी ती खोका काढायची आणि बसायची. "आंग्ली आंग्ली!" आधी सारा तिच्या मागे जाऊन बसली. मग जुळ्या भावांपैकी एक, आणि त्याला सोडून राहवेना म्हणून दुसरा. खोक्यात जागा पुरेना, तशी मागे सतरंजीवर रांग लागली. जागेवरून ढकलाढकली, ढकलाढकलीवरून आरडाओरडा, आणि आरडाओरड्यातून एक दिवस साराचं स्पष्ट वाक्य आलं, "शल!" म्हणजे सरक. प्रणालीनं तिला उचलून गरगर फिरवलं. संध्याकाळी तिचं डोकं दुखायचंच, पण आता घरी जाऊन आईला सांगायला रोज काहीतरी असायचं.

शाडू त्या रांगेत शेवटी बसायचा. बघायचा, कधी हसायचा. पण बोलायचा नाही आणि बोटही दाखवायचा नाही. पहिले काही दिवस तो मनगटं उलटी करून बघत राहिला. मग एके दुपारी त्यानं स्वरूपाचं मनगट सोडून दिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि हमसून हमसून रडला.

मैथिली तेव्हा त्याला न्यायला दारातच आली होती. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. स्वरूपानं तिचे हात हळूच खाली केले.

"ऐक," ती म्हणाली. "हे ते तीन महिन्यांतलं रडणं नाही. तो कुणाकडे बघून रडतोय ते बघ."

शाडू दाराकडे बघून रडत होता. आईच्या तोंडाकडे. त्याचे दोन्ही हात वर झाले होते.

मैथिली चपला न काढताच आत धावली.

*

दिवाळीनंतर समिती आली तेव्हा दारातून कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

समितीचे अध्यक्ष, टाय लावलेले एक वयस्क गृहस्थ, कानाशी हात नेत म्हणाले, "आम्हाला सांगितलं होतं, की इथे शांतता असते."

"असायची," मैथिली म्हणाली. "तीच चूक होती." आणि तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. मनगटाकडे बघणारी पोरं, कचरा समजलेली बडबड, स्वतःच्या मुलाची पाण्याची बाटली. शेवटी म्हणाली, "आधी पाहिलात तो वाळा मी मागे घेतलाय. हा नवा आहे. पण घाईनं याला होय म्हणू नका. अजून वर्षभर पोरांबरोबर राहून बघायचंय. मागच्या वेळी मीच घाई केली होती."

अध्यक्षांच्या कपाळावर आठी चढली. ते काही बोलणार, एवढ्यात त्यांचा टाय खाली ओढला गेला. मेहक टाय धरून उभी होती.

"आंग्ली?" तिनं विचारलं.

"काय म्हणते ही?"

"सांगलीला जायचंय का, असं विचारतेय," प्रणाली म्हणाली. "वडाप आहे साहेब. बसावं लागेल. ती सोडत नाही."

डॉक्टर बाई आधीच सतरंजीवर बसल्या होत्या, साराच्या मागे. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, विजारीच्या घड्या सावरल्या आणि तेही बसले. सारानं मागे वळून त्यांना दटावलं, "शल!" ते निमूटपणे सरकले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि ते थांबेचना.

निघताना डॉक्टर बाई स्वरूपाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मागच्या वेळी इथून गेले तेव्हा गाडीतून फोनवर सगळ्यांना सांगत होते, काय सुंदर पाळणाघर आहे. आणि आतून मला कसंतरीच होत होतं. का, ते आज कळलं." वाळा जिल्हाभर जाण्याचा निर्णय वर्षभर पुढे गेला. तोवर महिन्यातून एकदा आपण स्वतः येऊन बसू, असं त्या म्हणाल्या. आणि मैथिली, जिचं वर्षभराचं स्वप्न लांबणीवर पडलं होतं, ती शिट्टी वाजवत पोरांची ताटं मांडायला गेली.

*

थंडी पडायला लागली होती. मैथिलीचं एका दुपारी काम लवकर आटोपलं, म्हणून ती पाळणाघरात आली आणि शाडूला खिचडी भरवायला बसली. स्वरूपा शेजारी दुसऱ्या एकाला भरवत होती.

शाडूनं चार घास खाल्ले. पाचवा घास ओठाशी आला तसं त्यानं तोंड फिरवलं. मैथिलीनं चमचा तिकडे नेला. त्यानं तिचा हात ढकलला, तिच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाला,

"नको."

मैथिलीच्या हातातला चमचा तिरका झाला. खिचडी तिच्या साडीवर पडली.

"वहिनी," ती कुजबुजली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

मैथिलीनं पुन्हा चमचा भरला. "शाडू, घे की रे एक घास."

"नको!" या वेळी जोरात, मान हलवून.

"प्रणाली! ये इकडे! हा नको म्हणतोय!"

प्रणाली धावली, मागोमाग मेहकही. मैथिली हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि समोर दिसेल ते त्याला देऊ करत होती. केळं? नको. पाणी? नको. चेंडू? नको. शाडूला आता या शब्दाची ताकद कळली होती. मोठी माणसं त्यावर इतकी खूश होतात, म्हणजे शब्द चांगलाच असला पाहिजे. मेहकनं त्याला आपला खोका दाखवला. त्यानं तिलाही नको म्हटलं. मेहकनं आ वासला. आजवर तिला असं कुणी म्हणालं नव्हतं.

संध्याकाळी एकेक पोर घरी गेलं. प्रणालीनं सतरंज्या झटकल्या. स्वरूपा दार लावायला कुलूप घेऊन उभी राहिली.

"चल रे शाडू, घरी जाऊ," मैथिली म्हणाली.

"नको," शाडू म्हणाला आणि दारातच फतकल मारून बसला.

"अरे, अंधार पडायला लागला. मामी दार लावतेय बघ."

"नको."

मैथिलीनं स्वरूपाकडे पाहिलं. मग ती पर्स बाजूला ठेवून त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. "बरं, नको तर नको. मग काय हवंय तुला?"

शाडूनं विचार केला. त्याच्या कपाळाला बारीक आठ्या पडल्या. मग त्याचा उजवा हात सावकाश वर आला, बाकीची बोटं मिटली आणि एक बोट अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे रोखलं गेलं. तिथे एक खार शेपटी उडवत फांदीवरून उतरत होती. त्यानं खारीकडे पाहिलं, आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा खारीकडे.

स्वरूपानं कुलूप खुंटीला अडकवलं आणि तीही पायरीवर खार बघत बसली.